संगणक जागा होईना तेव्हां

घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे मनुष्य प्रथम घाबरतो, मग भेटेल त्याचें ऐकतो, आणि विचार करितो तो सर्वांत शेवटीं. हा क्रम उलट असावा असें मीं ३४ वर्षें वर्गांत मुलांना सांगितलें. परंतु गेल्या ज्येष्ठांत माझ्याच घरीं प्रसंग आला, तेव्हां मीहि त्याच क्रमानें वागलों. आजारी पडलेला प्राणी मनुष्य नव्हता. आमच्या माजघरांतील संगणक होता. तरी त्यानें माझी झोंप उडविली. तिचें कारण कळल्यावर वाचक मला हंसणार नाहींत अशी आशा आहे.

माझ्या आईचें माहेर हिंगणघाटाजवळचें, वणा नदीच्या कांठचें. लहानपणीं पहांटे जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्या तिच्या मुखांत अखेरपर्यंत होत्या. पिठाची गिरणी आली, जातें कोंपऱ्यांत गेलें, पण ओव्या गेल्या नाहींत. सेवानिवृत्त झाल्यावर दोन वर्षें मी रोज दिवेलागणीस तिच्याजवळ बसून त्या उतरून घेत असें. आरंभीं वह्यांत लिहिल्या. पुढें मराठी टंकलेखन हातीं बसलें, तेव्हां वह्यांतील मजकूर संगणकावर चढविला आणि नवीन ओव्या सरळ त्यावरच लिहूं लागलों. एकंदर ४१२ झाल्या. अक्षर कसें मोत्यासारखें उमटलें होतें! आतां वह्यांची गरज काय, असें म्हणून मीं त्या रद्दींत घातल्या. हें वाक्य लिहितांना आजहि हात अडखळतो. आई कार्तिकांत गेली.

ओव्यांचे मोठे संग्रह आपल्याकडे झाले आहेत. साने गुरुजींनीं 'स्त्रीजीवना'साठीं त्या जमविल्या. पुढें गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनीं पुणें जिल्ह्यांतील खेड्यांपासून आरंभ करून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. परंतु प्रत्येक बाई ओवींत आपल्या भावाचें, आपल्या गांवचें, आपल्या सुखदुःखाचें नांव घालते. माझ्या आईच्या ओव्या दुसऱ्या कोणत्याहि संग्रहांत मिळण्यासारख्या नव्हत्या. त्या फक्त एका लोखंडी डब्यांत होत्या.

आमच्या समुद्रपुराकडचा उन्हाळा ज्यांनीं सोसला असेल त्यांना मृगाआधींच्या वळिवाची कल्पना आहे. दिवसभर भट्टी, सायंकाळीं धुळीचा लोट, आणि मग गडगडाट. त्या रात्रीं वीज तीन वेळां गेली आणि तीन वेळां आली. सकाळीं मीं संगणकाचें बटण दाबलें. दिवा लागला, आंतील पंखा घुं घुं करूं लागला, पडदा मात्र काळा तो काळाच. मीं पुन्हां दाबलें. दहा वेळां दाबलें. दार अधिक जोरानें ठोठावलें म्हणजे आंतील मनुष्य जागा होतोच, अशी माझी समजूत असावी.

दुसऱ्या दिवशीं डबा पिशवींत घालून, जामच्या चौरस्त्यावर गाडी बदलून, एका मोठ्या गांवच्या दुकानांत गेलों. तेथील तरुणानें पांच मिनिटें पाहिलें आणि म्हणाला, "गुरुजी, बोर्ड गेला जी याचा. नवाच घ्या. २२,००० पर्यंत होईल. जुन्यांतलें कांहीं निघेल असें वाटत नाहीं." मीं मान डोलविली आणि डबा मांडीवर घेऊन परत आलों. घरीं पाऊल टाकतांच आमच्या मंडळींनीं विचारलें, "सासूबाईंच्या ओव्या त्यांतच आहेत ना?" मीं "हो" म्हटलें. त्यापुढें ती कांहीं बोलली नाहीं, आणि तें न बोलणें मला फार जड गेलें.

चार दिवसांनीं नागपुराहून नात आली. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत आहे. सारी हकीकत ऐकून तिनें एकच प्रश्न केला: "आजोबा, बोर्ड गेला हें त्यानें कशावरून ठरविलें?"

मी ओशाळलों. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह ज्यानें तरुणपणीं पाठ केला, त्याला हा प्रश्न नातीनें विचारावा! 'डोंगरावर अग्नि आहे' ही झाली प्रतिज्ञा. 'कारण तेथें धूर दिसतो' हा झाला हेतु. हेतूवांचून प्रतिज्ञा मानूं नये, हा न्यायशास्त्रांतील पहिला पाठ. मीं प्रतिज्ञा ऐकली आणि हेतु न विचारतां घरीं आलों. त्या तरुणास दोष देण्याचें मला कारण नाहीं; त्याच्यापुढें दिवसभर असे पन्नास डबे येत असतील. पण माझ्यापुढें एकच होता.

पुढें जें घडलें तें सांगण्यापूर्वीं संगणक जागा कसा होतो हें थोडक्यांत सांगतों. कारण तो कोणत्या पायरीवर अडला हें कळणें म्हणजेच निदान.

भिंतींतून येणारी वीज २३० व्होल्टची. संगणकाच्या पोटांत पॉवर सप्लाय नांवाची एक बंद पेटी असते. ती या विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे सौम्य प्रवाह तयार करिते. ते स्थिर झाले कीं ती मदरबोर्डाला, म्हणजे मुख्य पटलाला, तशी खूण देते. मग प्रोसेसर जागा होतो. त्या क्षणीं त्याला कांहींएक ठाऊक नसतें. बायोस नांवाच्या लहानशा चिपेंत लिहिलेला पाठ तो वाचूं लागतो. नव्या यंत्रांत याच कामाला यूईएफआय म्हणतात. या पाठाचा पहिला भाग म्हणजे हजेरी. रॅम आली का, पडद्याला चित्र पुरविणारा भाग आला का, कळफलक आला का, हें तो विचारतो. हजेरी पुरी झाल्यावर तो डिस्क शोधतो, आणि तिच्यावरील विंडोज किंवा लिनक्स यांच्या हातीं कारभार सोंपवितो. शाळेंतहि शिपाई कुलूप काढतो, घंटा होते, हजेरी होते, आणि मगच पाठ सुरू होतो. ओव्या डिस्कवर होत्या, म्हणजे अगदीं शेवटच्या पायरीवर. आमचा संगणक तर हजेरीच्याहि अलीकडे कोठें तरी थांबला होता. 'बोर्ड गेला' एवढ्यावरून 'ओव्या गेल्या' असें निघत नाहीं, कारण डिस्क ही बोर्डापासून सुटी होणारी वस्तु आहे. भीतीनें मला इतकाहि साधा विचार सुचला नव्हता.

नातीनें एक कोरी वही मागितली आणि प्रत्येक कृति व तिचें फळ लिहीत गेली. तिचा नियम एकच: एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. दोन बदलल्या तर गुण कशाचा हें कळत नाहीं. वैद्यहि दोन नव्या मात्रा एकदम देत नाहीं.

प्रथम तिनें वीज पाहिली. भिंतींतील ज्या जागेंतून संगणकाला वीज मिळत होती, तेथें टेबलावरचा दिवा लावून पाहिला, तो लागला. डब्याच्या पाठीमागें पॉवर सप्लायचें लहान बटण असतें, तेंहि चालूं होतें.

मग पडदा. पडदा हें स्वतंत्र यंत्र आहे हें आपण विसरतों. त्याचा दिवा लागतो का पाहावें. पडदा चालूं ठेवून त्याची संगणकाकडे जाणारी केबल काढावी. 'संकेत येत नाहीं' अशा अर्थाचीं अक्षरें उमटलीं तर पडदा निरोगी समजावा. आमच्याकडे तीं उमटलीं.

तिसरें, बाहेरचें सारें गणगोत दूर करणें. छपाईयंत्र, पेनड्राइव्ह, कॅमेरा, सारें काढून फक्त पडदा आणि कळफलक ठेवला. एखादा बिघडलेला पेनड्राइव्हहि यंत्राला अडवून धरूं शकतो. आमच्याकडे फरक पडला नाहीं.

चौथें, उरलेली वीज काढून टाकणें. विजेची केबल भिंतींतून काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरिलें. वीज वारंवार गेल्यानें कधीं कधीं यंत्र अर्धवट अवस्थेंत अडकतें, तें यानें सुटतें. येथेंहि गुण आला नाहीं.

येथें मीं म्हटलें, "पण पंखा तर फिरतो, म्हणजे वीज ठीकच आहे." ती हंसून म्हणाली, "आजोबा, पंखा १२ व्होल्टवर फिरतो. ५ आणि ३.३ चें काय?" हा तर शुद्ध हेत्वाभास! पंखा फिरतो म्हणून वीजपुरवठा निर्दोष, हें अनुमान 'ओलावा आहे म्हणून पाऊस पडला' या जातीचें. घडा लवंडला तरी ओलावा येतोच.

आतां डबा उघडण्याची वेळ आली. येथें वाचकांनीं माझें ऐकावें. केबल भिंतींतून पूर्ण काढल्यावांचून झांकण उघडूं नये. आंत हात घालण्यापूर्वीं डब्याच्या उघड्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. ती आपल्याला जाणवतहि नाहीं, पण नाजूक चिपेला मारते. आणि पॉवर सप्लायची पेटी घरीं कधींहि उघडूं नये. केबल काढल्यावरहि तिच्यांतील कपॅसिटरांत प्राणघातक वीज साठून राहूं शकते.

आंत काय होतें? बोटभर धूळ, कापसाचे तंतू, आणि पालीच्या दोन अंड्यांचीं टरफलें. नात म्हणाली कीं यांत नवल नाहीं. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्ड विद्यापीठांत मार्क २ या महायंत्राच्या एका रिलेंत पतंग सांपडला. तेथील मंडळींनीं तो चिकटपट्टीनें नोंदवहींत चिकटविला, आणि ती वही आजहि अमेरिकेंतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे. आपल्या मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तयार झालेला टिफ्रॅक हा संगणक १९६० सालीं चालूं झाला. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. त्यांतली नादुरुस्त नळी हुडकणाऱ्यांचें काम मनांत आलें आणि माझा डबा एकाएकीं सोपा वाटूं लागला.

मऊ कोरड्या कुंचल्यानें धूळ काढली. कपॅसिटरांचीं डोकीं फुगलेलीं नाहींत, कोठें जळल्याचा वास किंवा डाग नाहीं, हें पाहिलें. आणि मग तिनें तें केलें, ज्यानें त्या दिवशींचा निकाल लागला. तिनें रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून घेतल्या आणि केबल लावून मला बटण दाबावयास सांगितलें.

संगणक ओरडला! लांब सुराचे आवाज, थांबून थांबून, पुन्हां पुन्हां. मीं दचकून हात मागें घेतला. नात मात्र टाळ्या पिटूं लागली. "आजोबा, रॅम नाहीं अशी तक्रार करतो आहे तो! तक्रार करायला बोर्ड जिवंत लागतो, प्रोसेसर जिवंत लागतो, बायोस जिवंत लागतें. बोर्ड गेलेला नाहीं!"

दुकानांतील प्रतिज्ञा तेथें कोसळली. या आवाजांची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी असते. एक लांब, दोन आंखूड इत्यादि खुणांचा अर्थ यंत्राच्या पुस्तिकेंत पाहावा. कांहीं नव्या बोर्डांवर आवाजाची सोय नसते, तेथें लहान दिव्यांच्या खुणा असतात. मीं विचारलें कीं, मग आधीं तो गप्प कां होता? तिचें उत्तर मला वर्गांतलें वाटलें: मुलगा गैरहजर असला तर गुरुजी तसें मोठ्यानें सांगतात, पण मुलगा बांकावर बसलेला असून नांव पुकारल्यावर 'हजर' म्हणतच नसेल, तर हजेरी तेथेंच अडून राहते.

पट्ट्यांच्या कडेला सोनेरी दांते असतात. धूळ आणि पावसाळी दमट हवा यांनीं त्यांवर पातळ थर चढतो आणि वीज अडते. शाळकरी मुलांच्या मऊ पांढऱ्या खोडरबरानें ते हलक्या हातानें पुसले, भुगा झटकला, आणि परीक्षा सुरू झाली. दर वेळीं आधीं केबल काढावयाची, मग पट्टी बदलावयाची. वहींतील नोंद अशी आहे:

पहिली पट्टी, पहिली खांच: पडदा उजळला.
पहिली पट्टी, दुसरी खांच: पडदा उजळला.
दुसरी पट्टी, पहिली खांच: काळोख.
दुसरी पट्टी, दुसरी खांच: काळोख.

यालाच आपले शास्त्रकार अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. जेथें जेथें ती दुसरी पट्टी, तेथें तेथें काळोख. ती नसेल तेथें काळोख नाहीं. खांचा निर्दोष, पहिली पट्टी निर्दोष, दोष एका बोटभर पट्टींत. जुन्या बाजारांत तशीच पट्टी पुढें ७०० रुपयांस मिळाली.

पण कथा संपली नव्हती. उजळलेल्या पडद्यावर अक्षरें आलीं कीं तारीख चुकीची आहे, आणि मागून दुसरीं आलीं कीं सुरू करण्याजोगी डिस्क सांपडत नाहीं. माझ्या पोटांत धस्स झालें. नात शांत होती. बोर्डावर नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो, सीआर २०३२ या नांवाचा. वीज नसतांना घड्याळ चालूं ठेवणें आणि मालकानें ठरविलेल्या खुणा लक्षांत ठेवणें हें त्याचें काम. आमचा सेल दहा वर्षांचा म्हातारा झाला होता. खुणा विसरल्यामुळें संगणक डिस्क भलत्याच जागीं शोधत होता. तिनें बायोसच्या पानांत जाऊन पाहिलें. तेथें डिस्कचें नांव दिसत होतें. "नांव आहे म्हणजे ती हजर आहे," असें म्हणून तिनें शोधण्याचा क्रम बदलला. दोन मिनिटांनीं विंडोजचें चित्र उमटलें.

मी कांहीं बोललों नाहीं. ओव्यांचें पान उघडलें. शेवटची, ४१२ वी ओवी अर्धीच आहे. त्या रात्रीं आई थकली होती. "उरलेली उद्यां सांगतें" म्हणाली, आणि मीं पुढें तीन टिंबें दिलीं. दुसऱ्या दिवशीं तिला दवाखान्यांत न्यावें लागलें. तीं टिंबें जागच्या जागीं होतीं.

नातीनें मला ती वाचत बसूं दिली नाहीं. "आधीं प्रत, मग वाचन." सारा संग्रह दोन पेनड्राइव्हवर उतरविला, एक प्रत इंटरनेटवरच्या सांठ्यांत ठेविली, आणि दुसऱ्या दिवशीं कागदावर छापून घेतला. एक पेनड्राइव्ह घरीं आहे, दुसरा वर्ध्यास धाकट्या भावाकडे.

जुन्या पंडितांना हें सांगावें लागत नसे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताची चिकित्सक आवृत्ति आरंभिली आणि १९६६ सालीं पुरी केली. त्या कामीं १,२५९ हस्तलिखितें पाहिलीं गेलीं. एवढीं मिळालीं तीं कां? पिढ्यान् पिढ्या कोणीतरी प्रतीची प्रत करीत राहिला म्हणून. वाळवी, आग, पूर यांनीं हजारों पोथ्या खाल्ल्या, पण ग्रंथ उरला. मीं मात्र प्रत केली आणि मूळ जाळलें. म्हणजे प्रत केलीच नाहीं.

आतां दोन इशारे. डिस्कमधून टक् टक् असा ठराविक आवाज येत असेल, तर पुन्हां पुन्हां सुरू करून पाहूं नये. प्रत्येक प्रयत्नानें आंतील मजकूर अधिक नष्ट होतो. अशी डिस्क जाणत्याच्या हातीं द्यावी. नव्या एसएसडी डिस्का तर आवाजहि न करतां एके दिवशीं मिटतात, म्हणून त्यांच्याबाबतींत प्रत हाच उपाय. मांडीवरच्या लॅपटॉपांत प्रथम चार्जर तपासावा, बटण अर्धा मिनिट दाबून धरावें, बाहेरचा पडदा जोडून पाहावा. परंतु त्याची बॅटरी फुगलेली दिसली तर तो चालूं करूं नये, दाबूं नये, टोंचूं तर नयेच. धूर किंवा जळका वास आला तर घरगुती निदान तेथेंच थांबवावें.

आणि दुकानांत जावेंच लागलें तर खुशाल जावें. कारागिरास मान द्यावा, मोबदला द्यावा, पण नम्रपणें एवढें विचारावें: "कशावरून?" आणि नवा संगणक घेतला तरी जुन्यांतील डिस्क मागून परत आणावी.

असो. ज्या भगिनींच्या किंवा बंधूंच्या घरीं वडिलांचीं पत्रें, आजीच्या पाककृति किंवा लेकरांचे फोटो एकाच डब्यांत असतील, त्यांनीं हें पान वाचून बाजूस ठेवतांच उठावें आणि त्यांची एक प्रत करावी. उद्यां करूं असें म्हणूं नये. उद्यांचा भरंवसा धरून मीं दिलेलीं तीं तीन टिंबें अजून तशींच आहेत.